न विचारता लिहिलेलं वय

मी मूळचा सुतार, कणकवलीकडचा. दुबईत आलो तो दारं बसवायला आणि फिरत फिरत एका स्कीच्या दुकानाच्या वर्कशॉपमध्ये पोचलो. वाळवंटात बर्फावर घसरायच्या फळ्या दुरुस्त करतो असं गावी सांगितलं, तर लोकांना मी थापा मारतोय असं वाटतं. पण इथं मॉलमध्ये मशीननं केलेला बर्फ आहे. त्यावर शिकलेली माणसं सुट्टीत जॉर्जियाला नाहीतर गुलमर्गला जातात. त्यांच्या स्कीवर बाइंडिंग, म्हणजे बूट धरून ठेवणारी कळ, मी बसवतो.

त्या बाई अबुधाबीहून आल्या होत्या, नवी स्की आणि बाइंडिंगचा खोका घेऊन. माझं हिंदी ऐकताच म्हणाल्या, "मराठी ना तुम्ही? मग टेन्शन खलास!" बँकेत नोकरी, निवृत्तीला थोडेच महिने उरलेले. तीन वर्षं दर शनिवारी मॉलच्या बर्फावर पडत-उठत शिकल्या होत्या. "गुलमर्गला जायचंय भाऊ. लिफ्टनं नाही हां, माझ्या पायांनी चढणार आणि मग उतरणार."

बाइंडिंग दोन्ही कामांचं होतं. चढताना बुटाचं टोक दोन पिनांत अडकतं आणि टाच मोकळी राहते. उतरताना टाचही पक्की बसते. मात्र माणूस पडला की या कळीनं बूट सोडायलाच हवा, नाहीतर स्की अडकून पाय पिरगळतो. किती जोर आला की सोडायचं, तो आकडा वय, वजन, उंची आणि बुटाच्या मापावरून तक्त्यात बघून लावतात. माणूस हलका किंवा पन्नाशीपुढचा असेल तर आकडा कमी.

"एज? वेट?" असं मी रोज गिऱ्हाइकांच्या तोंडावर विचारतो, गोऱ्या बायकांनासुद्धा. त्या दिवशी जीभ रेटेना. माझ्या आईच्या वयाच्या, आपल्या बाई. काकू म्हटलेलं आवडणार नाही म्हणून मी आधीच ताई म्हणून मोकळा झालो होतो. आता वय कुठल्या तोंडानं विचारू? बूट मोजता मोजता एक नजर टाकली आणि फॉर्मवर लिहिलं: वय पंचेचाळीस, बाईमाणसाचं कमीच लिहिलेलं बरं म्हणून, आणि वजन बासष्ट. जाड जाकीट घातलेल्या बाईचं वजन मी नजरेनं ठरवलं. सुताराच्या नजरेचा माज होता मला. फॉर्म पुढे केला तर न वाचताच त्यांनी सही केली. "तुम्ही लिहिलंय ना, मग काय बघायचं?"

बाकी काम मात्र मी जीव ओतून केलं. कागदाचा साचा स्कीच्या बरोबर मध्यावर चिकटवला, बुटाच्या मध्यखुणेशी जुळवला, दोनदा मोजून मगच ड्रिल लावलं. भोकांत गोंद, मग हातानं आवळलेले स्क्रू. बुटाच्या टोकाखालच्या पट्टीची उंची, मध्ये कागद सरकवून बघितली. मशीनवर तपासलं, तिथंही पास. मशीनला काय, मी सांगितलेलाच आकडा ठाऊक.

पंधरा दिवसांनी त्या परत आल्या. "भाऊ, परवा मॉलमध्ये पडले, पण स्की सुटलीच नाही. हातानं ओढून काढावी लागली."

तेव्हाच मला कळलं होतं. हे लिहिताना कान तापतात, पण खरं तेच आहे. मी पिना पुसल्या, बुटाच्या तळातला बर्फाचा गाळ काढला, टाचेचा दाब बघितला, पुन्हा कागद सरकवला. अर्धा तास सगळं तपासलं, तो एक आकडा सोडून. त्याला हात लावायचा तर आधी विचारावं लागलं असतं आणि पहिल्यांदा विचारलं नव्हतं हे कबूल करावं लागलं असतं. "नवीन आहे ताई, सवयीनं सैल होईल," असं मी सांगितलं. बाइंडिंग सवयीनं सैल होत नाही.

गुलमर्गला त्या चढल्या. स्वतःच्या पायांनी, वरपर्यंत. उतरताना साध्या वळणावर पडल्या, स्की सुटली नाही आणि गुडघ्याचा लिगामेंट तुटला.

दोन महिन्यांनी त्या काठी टेकत दुकानात आल्या, सोबत नवरा. स्की भाचीला द्यायची होती, तिच्या मापानं लावून हवी होती. नवरा चिडलेलाच होता. "मी सांगतोय, दुसऱ्या शॉपमध्ये चेक करू. सेटिंगमध्येच प्रॉब्लेम आहे."

"त्यांना काही बोलू नका," बाई म्हणाल्या. "आपला माणूस आहे. केवढ्या मनापासून केलंय त्यांनी. एकोणसाठाव्या वर्षी आणि अठ्ठेचाळीस किलोच्या अंगानं नसती हौस केली मी, चूक माझीच."

वय आणि वजन, दोन्ही त्यांनी सहज सांगून टाकलं. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्याचंही त्यांना काही वाटलं नाही. नवरा गप्प झाला होता. मीही गप्प राहिलो असतो तर विषय तिथंच मिटला असता, आणि क्षणभर मी तोच विचार केला, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मग फाइलमधून फॉर्म काढून त्यांच्यापुढे ठेवला.

"ताई, हे मी अंदाजानं लिहिलं. तुम्हाला विचारलंच नाही. त्यामुळे आकडा फार घट्ट लागला."

त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. "का नाही विचारलंत?"

"बाईमाणसाला वय, वजन कसं विचारायचं, म्हणून."

"बाकीच्या बायकांना विचारता?"

"हो."

"रोज?"

"रोज."

त्यांनी चष्मा काढला, फॉर्म माझ्याकडे सरकवला. आवाज चढलेला नव्हता.

"मग मीच तेवढी परकी का झाले?"