दसऱ्याच्या मुहूर्तावरचं अपडेट

माझ्या धाकट्या दिराला दसऱ्याला सगळं नवं लागतं. शर्ट नवा, चपला नव्या. त्याचं त्याला लखलाभ. पण त्या वर्षी त्याने सर्व्हरला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि मुहूर्त साधून आमच्या प्रोग्रॅमची सगळी पॅकेजं अपडेट केली. मला न विचारता!

आम्ही दोघं मिळून धंतोलीतल्या एका लॅबचं सॉफ्टवेअर सांभाळतो. कुठलाही प्रोग्रॅम एकट्याच्या बळावर उभा नसतो. कुठल्या कुठल्या अनोळखी लोकांनी लिहिलेली पॅकेजं त्याला टेकू देतात, आणि त्या पॅकेजांना आणखी दुसरी. एक बदललं की दुसरं रुसतं. म्हणून प्रत्येकाची चालणारी आवृत्ती मी बांधून ठेवली होती. या शहाण्याने सगळ्या गाठी सोडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये एकही रिपोर्ट निघेना. वणीहून आलेली एक बाई काउंटर धरून उभी होती. तिच्या नवऱ्याचं त्याच दिवशी ऑपरेशन होतं, आणि रक्ताचा रिपोर्ट पाहिल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नव्हते. रक्त तपासून झालं होतं. आकडे आमच्या प्रोग्रॅममध्ये अडकले होते. नवरा ऑपरेशनसाठी उपाशीपोटी बाकावर बसलेला.

"काहून केलं गा असं?" मी लॅबमधूनच दिराला फोनवर विचारलं.

"वहिनी, दसऱ्याच्या मुहूर्तावर जुनं कायले ठेवाचं?"

माझं डोकंच फिरलं. जुनं ठेवायचं, कारण ते चालत होतं! मी एकेक जुनी आवृत्ती परत बसवत गेले. एक बसली की दुसरी अडून बसे. रिपोर्ट छापणारं पॅकेज तर काही केल्या ऐकेना. शेवटी रिपोर्ट हातात आला तेव्हा डॉक्टर निघून गेले होते. ऑपरेशन पुढच्या आठवड्यावर गेलं.

तेवढ्यात दीर आला, खिशात काल उरलेली आपट्याची पानं घेऊन, आणि काउंटरवर सगळ्यांना सोनं वाटू लागला. ती पानं हिसकावून बाहेर फेकून द्यावीत, इतका संताप आला मला. त्याने त्या बाईसमोरही पान धरलं.

तिने ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं. मग नवऱ्यासाठी डबा उघडता उघडता त्यालाच म्हणाली, "भाऊ, तुमच्याइथं मशीन सुधरवणारा कोणी चांगला माणूस नाही काय? पुढच्या खेपेले त्याले आधीच बोलावून ठेवजा."