कल्याण स्टेशनवरची कानडी घोषणा

"पती का नाम?" मिश्राजींनी पुन्हा विचारलं आणि म्हातारीने पुन्हा मान खाली घातली.

मी तेव्हा कल्याण स्टेशनात अनाउन्सर होते. 'यात्रीगण कृपया ध्यान दें' म्हणणारी ती बाई, ती मी. हल्ली बरंचसं कॉम्प्युटरच बोलतो. पण ऐनवेळी फलाट बदलला, कुणी हरवलं, कुणी सापडलं, की अजून माणूसच लागतो. त्याला आम्ही मॅन्युअल म्हणायचो. मिश्राजी आमचे डेप्युटी एसएस, म्हणजे स्टेशन मास्तरांच्या हाताखालचे साहेब. त्यांचं ऑफिस माझ्या केबिनला लागूनच, मधे एक काच.

या म्हातारीला लेडी कॉन्स्टेबल घेऊन आली होती. एकटीच फलाटावर रडत बसलेली. हातात पिशवी नाही, तिकीट नाही, मोबाइल नाही. मी मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्ही भाषांत घोषणा करून चुकले होते. कुणी आलं नव्हतं.

"सर, डोक्यावर परिणाम दिसतोय," कॉन्स्टेबल म्हणाली. "नाव नाही, गाव नाही. मी आश्रमात पाठवायचं बघते."

आश्रमात म्हणजे सुटली बाई! हिचं माणूस इकडे शोधणार आणि ही तिकडे कुठल्यातरी खोलीत बसणार. मी खुर्चीवरून उठून आत गेले. जवळून बघितलं तर अंगावर इरकली लुगडं, आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती, "यव्वा, यव्वा."

ही तर कानडी! यव्वा म्हणजे आई गं.

मी अक्कलकोटकडची. आमच्या घरी बाहेर ओट्यावर मराठी आणि आत चुलीपाशी कानडी. आई कानडीत रागवायची, वडील मराठीत समजूत घालायचे. लग्न करून डोंबिवलीला आले, तर सासूबाई म्हणाल्या, "ते कडकड बोलणं इथे नको गं." नको तर नको. मग माझी कानडी फोनवरच्या अक्कापुरती उरली. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ती गेली आणि त्यानंतर मी कानडीचा एक शब्द मोठ्याने बोलले नव्हते. बोलणार कुणाशी? कधीकधी भांडी घासताना स्वतःशीच बोलायची, तर सून म्हणायची, "आई, काही म्हणालात?"

मी म्हातारीपाशी खाली बसले आणि विचारलं, "ऊटा आतेनव्वा?" म्हणजे जेवण झालं का, बाई. आमच्याकडे ओळख इथूनच सुरू होते.

तिने माझा हात असा धरला, की काचेची एक बांगडी पिचली माझी. आणि मग जी बोलायला लागली! कॉन्स्टेबल बघतच राहिली.

झालं होतं असं. टिटवाळ्याला लेकीकडे आली होती नवऱ्याबरोबर. आता सोलापूरकडच्या गाडीने परत गावी निघालेले. नवरा बाटलीत पाणी भरायला गेला. ही बाकावर. थोड्या वेळाने समोरून धोतर जाताना दिसलं, ही उठली आणि डोक्यावरचा पदर सावरत मागे चालायला लागली. जन्मभर मान खाली घालून धोतराच्या मागेच चाललेली. जिना चढली, पूल ओलांडला, जिना उतरली. धोतर थांबलं तेव्हा वर बघितलं, तर माणूस दुसराच!

"पूछो, पती का नाम क्या है," मिश्राजी म्हणाले. "गाडी आने में ज्यादा टाइम नहीं है, काकू."

मी विचारलं. पुन्हा मान खाली. "नम्म मनियवरु," एवढंच म्हणाली. आमच्या घरचे. मग मला कळलं.

"साहेब, ती नवऱ्याचं नाव घेणार नाही."

मिश्राजी कपाळावर हात मारून म्हणाले, "अरे, मेरी अम्मा भी! राशन की दुकान पे बाबूजी का नाम मुझसे बुलवाती थी."

आधी मी नावाशिवायच कानडीत घोषणा केली. कुणी आलं नाही. आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. स्टेशनवर दिवसभर भोंगा बोलत असतो, म्हणून माणूस कान बंद करून बसतो. त्या गोंगाटातून त्याला एकच शब्द ऐकू येतो, स्वतःचं नाव.

मग मी म्हातारीला म्हटलं, "अव्वा, नुसतं नका घेऊ. ओडपु घाला." ओडपु म्हणजे कानडी उखाणा. उखाण्यात नाव घ्यायला कुणाचीच हरकत नसते.

ती चक्क लाजली. पदर दातात धरला. मिश्राजींकडे बघून म्हणाली, या बाप्याला बाहेर काढ. साहेब मुकाट्याने काचेपलीकडे गेले. मग तिने तिथल्या तिथे जुळवून म्हटलं. मराठीत आणलं तर साधारण असं:

"जोंधळ्याच्या शेतात पाखरांचा थवा,
मल्लप्पांचं नाव घेते, मला गावी न्यायला त्यांना धाडा देवा."

मी धावत माईकपाशी गेले. "मल्लप्पा, मल्लप्पा, तुमच्या घरच्या इथे बसल्यात. कुणा पोलिसाला 'स्टेशन मास्तर' म्हणा, तो आणून सोडेल." दोनदा म्हटलं. सगळ्या कल्याण स्टेशनात माझ्या आईची भाषा घुमली आणि माझाच आवाज मला ओळखीचा वाटेना.

मग वाट बघणं. म्हातारी माझ्याजवळ येऊन बसली. डोळे पुसून म्हणाली, "आता तू घे."

माझ्या कपाळाला टिकली होती, तिला कळायचं कारण नव्हतं. माझे हे रेल्वेतच होते. ते अचानक गेले, त्यांच्या जागेवर मला घेतलं. हिंदी मी माईकपुढे शिकले, इंग्रजी ऐकून ऐकून. नवरा गेलेल्या बाईला नाव घ्यायला कुणी सांगत नाही. हळदीकुंकवाला तर मी आपली स्वयंपाकघरातच.

माईक बंद आहे ना, ते बघितलं. पुन्हा एकदा बघितलं. आणि घेतलं नाव, कानडीत, हळूच. यमक काही जमलं नाही. नाव तेवढं नीट घेतलं.

ती म्हणाली, "छान घेतलंस. किती दिवसांनी?"



तेवढ्यात दारात मल्लप्पा. डोक्यावर बोचकं, काखेत पिशवी, हातात ती पाण्याची बाटली. सामान सोडून हलायचं कसं, म्हणून हा गृहस्थ इतका वेळ त्याच बाकाशी उभा! आल्या आल्या बायकोवर डाफरला, "कुणाच्या मागे गेलीस गं?"

"धोतराच्या!" ती म्हणाली. "तुम्ही पँट घालत जा आता."

जाताना तिने मला गावाचं नाव सांगितलं, ये म्हणाली. गाडी गेली. मी केबिनमध्ये बसून पुढच्या लोकलची घोषणा केली, मराठीत, हिंदीत, इंग्रजीत. मग चौथ्यांदा तोंड उघडलं आणि मिटलं.

संध्याकाळी मिश्राजींनी विचारलं, "काकू, नियम में तीन ही भाषा है ना?" आम्ही दोघांनी शोधून पाहिलं. तीन भाषांत करावी असं आहे. चौथी येत असली तर करू नये, असं कुठेच नाही. आता रिटायर झाले, तरी भांडी घासताना मी मोठ्यानेच बोलते. सून विचारते, "आई, काही म्हणालात?"

"हो," मी म्हणते. "ऊटा आतेनव्वा?"