बाराशे रुपयांची मोटार आणि माझे मामेसासरे

सौद्यात मी आयुष्यभर लोकांना घाम फोडला, पण मला घाम फोडणारा माणूस मला एकच भेटला, आणि तोही माझ्याच बाजूनं बोलायला आलेला होता. ते माझे मामेसासरे, माझ्या बायकोचे सख्खे मामा. निजामाच्या राज्यात त्या वेळी एकाहून एक बिलंदर दलाल होते. लातूरच्या गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मी पाठीवर पोती वाहून सुरुवात केली आणि पुढं आडतीचं दुकान टाकलं, ते या सगळ्यांशी आण्याआण्यासाठी भांडून. त्यातल्या एकानंही मला कधी फसवलं नाही, तशी कुणाची छाती नव्हती. मामांनी मला फसवलंही नाही. त्यांनी मला रास्त भावानं वस्तू घ्यायला लावली. हा घाव अजून भरलेला नाही.

मामा नांदेडला राहायचे आणि जनावरांचे, विशेषतः घोड्यांचे, सौदे जमवायचे. माळेगावच्या जत्रेत त्यांच्याशिवाय मोठा घोडा हलत नसे. घोडा पाहता पाहता त्यांची नजर अशी झाली होती, की समोर येईल त्या जिवाची ते किंमत करत. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा मामांनी मला विहिरीवरून तांब्या भरून आणायला सांगितलं. मला वाटलं, माणसं साधी आहेत, पाहुण्याला घरचं समजतात. लग्नानंतर कळलं, की मी जाता-येता पाय कसा टाकतो ते त्यांना पाहायचं होतं. तांब्या आणून ठेवला तसं ते माझ्या सासऱ्यांना म्हणाले होते, "तापट हाय. चाबूक दावू नका, तोंडानं हाका. वढील जलमभर." सासऱ्यांनी तेवढ्यावर होकार दिला. माझी पत्रिका कुणी उघडूनही पाहिली नाही.

भाव तोंडानं बोलणं हे मामांच्या लेखी मोठं पाप होतं. जनावरांच्या बाजाराची रीतच तशी. दलाल खांद्यावरचा रुमाल हातावर टाकतो, रुमालाखाली समोरच्याचा हात धरतो आणि बोटं दाबून भाव सांगतो. जमलेल्या गर्दीला कळत नाही, आणि कमी मागितलं म्हणून कुणाची चारचौघांत शोभा होत नाही. मामांनी ही रीत बाजारातून उचलून घरी आणली. एकदा मामींना ताप होता म्हणून ते भाजी आणायला गेले आणि वांगी विकणाऱ्या बाईच्या हातावर त्यांनी रुमाल टाकला. बाईनं जी बोंब ठोकली, तिच्यानं निम्मा बाजार गोळा झाला. एक-दोघं बाह्या सरसावून पुढं आले. मामांना आपलं काय चुकलं ते शेवटपर्यंत उमगलं नाही. घरी येऊन ते मामींना म्हणाले, "बाई चांगल्या घरची दिसती, पर वांग्याचा भाव वरडून सांगून राहिलीय. माणसाला लाज वाटती." तेव्हापासून मामी तापातही भाजीला स्वतः जायच्या.

दुसरा त्यांचा हट्ट दाव्याचा, जनावर बांधायच्या दोराचा. आपल्याकडं जनावर विकलं तरी त्याचं दावं विकणारा देत नाही. दावं गेलं तर गोठ्यातली लक्ष्मी जाते म्हणतात. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. ही रीत सगळेच पाळतात, पण मामांइतकी कुणी नाही. हदगावला एकदा त्यांनी म्हशीचा सौदा जुळवला आणि घेणारा दावं विसरून आला. बाजार उठला होता, दुकानं मिटली होती. विकणारा बिचारा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मामा, घिऊन जाऊ द्या." मामांनी ऐकलं नाही. त्यांनी डोक्याचा फेटा सोडून म्हशीच्या गळ्यात बांधला आणि उघड्या डोक्यानं नांदेडला परतले. आमच्याकडं उघड्या डोक्यानं येतो तो मयत उरकूनच. दारात उभ्या असलेल्या मामींनी लांबून पाहिलं आणि रडायलाच सुरुवात केली.

आता मोटारीचं सांगतो. नांदेडच्या एका म्हाताऱ्या वकिलांच्या मुलानं हैदराबादहून एक मोटार आणली होती. दोनच माणसांची, वर टप नाही, नाक लांबलचक, रंग डाळिंबासारखा. शर्यतीची मोटार म्हणायचे तिला. तिचा आवाज आधी यायचा, मग धूळ, आणि मोटार दिसेपर्यंत ती निघून गेलेली असायची. मुलगा हौशी होता. वर्ष-दीड वर्ष त्यानं ती नांदेडच्या रस्त्यांवर उडवली आणि विषमज्वरानं आठ दिवसांत गेला. मोटार तबेल्यात उभी राहिली. वकील ती विकायला काढणार आहेत, असं कानावर आलं आणि माझी झोप गेली. ज्या गंजात लोकांनी माझी पाठ पोत्याखाली वाकलेली पाहिली होती, तिथं ती पाठ त्या मोटारीत ऐटीत टेकलेली त्यांना दिसायला हवी होती. दुसरा कसला उपयोग मला तिचा नव्हता. मी मनाशी हजार रुपयांची तयारी केली, निजामाच्या हाली सिक्क्याची, आणि नांदेडला गेलो. वकील मामांच्या ओळखीचे होते, म्हणून मामांना बरोबर घेतलं. माझ्या धंद्यातली ती सर्वांत महाग चूक.

मामा तबेल्यात शिरले ते मोटारीच्या मागून नाही, बाजूनं, जिभेनं चुचकारत. तिच्या नाकावर हात ठेवला. वकिलांच्या ड्रायव्हरनं ती नुकतीच चालू करून दाखवली होती. मामा म्हणाले, "अंग गरम लागतंय. ताप हाय का हिला?"

"इंजन हाय मामा, गरमच ऱ्हातंय," ड्रायव्हर म्हणाला.

मामांनी वाकून खाली पाहिलं. जमिनीवर तेलाचे ठिपके होते. "आन् ही हगवण कवापासून?"

ड्रायव्हर तोंडात पटका कोंबून हसू लागला. मामांचं लक्ष नव्हतं. त्यांनी टायर खुरासारखे ठोकून पाहिले, पत्र्यावर कुठं घोड्याच्या केसांत असतो तसा खोडीचा भोवरा आहे का ते बोटानं चाचपलं, आणि मग मोटार गोदावरीच्या घाटाच्या चढावर घालायला लावली. "सपाटीवर समदेच पळत्यात. चढावर खोटं चालत न्हाई." मोटार वर आली तसं ते म्हणाले, "डावा मागला पाय आखडून टाकती." ड्रायव्हरनं उतरून पाहिलं, तर त्या चाकात हवा कमी होती. मामांनी ते लंगडणं समजून माझ्याकडं असं पाहिलं, की मलाही क्षणभर मोटारीची दया आली.

आम्ही वकिलांच्या ओसरीवर बसलो. वकील मोटारीकडं पाठ करून बसले होते. त्यांनी चहा सांगितला आणि म्हणाले, "भावाचं काही नाही. सहाशे द्या आणि आजच्या आज घेऊन जा."

हजाराची तयारी करून आलेल्या मी मनातल्या मनात चारशे वाचवले. चेहरा मी दगडासारखा ठेवला. ती विद्या मला येते. पाचशेला पाडायचे की साडेपाचशेला, याचा हिशोब मनात चालू झाला. तेवढ्यात मामांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "वकीलसाहेब, भाव तोंडानं? तुमी शिकलेली मान्सं!" आणि त्यांनी रुमाल पसरला. एका हातानं वकिलांचा हात धरला, दुसऱ्या हातानं माझा, आणि बोटं दाबायला लागले. एक बोट म्हणजे शंभर. एकदा अख्खा पंजा दाबला, दुसऱ्यांदा अख्खा पंजा दाबला, आणि वर दोन बोटं.

मी ताडकन उठलो. "मामा! ते सहाशे म्हणून राहिलेत!"

"बसा जावईबापू."

"बसतो कशाचा! तुम्ही कुणाच्या बाजूचे? विकणारा सहाशे म्हणतो आणि माझा माणूस बाराशे दाबतो? हे कुठल्या बाजारात चालतं?"

मामांनी माझा हात सोडला नव्हता. खालच्या आवाजात म्हणाले, "जावईबापू, पोरगं गेलं की मानूस त्याचं घोडं फुकट बी दिऊन टाकतंय. नदरेसमोर नको म्हणून. त्याला भाव म्हणत न्हाईत. असा घेतलेला माल मी कुनाला पचू दिला न्हाई, तुमाला कसा पचू दिऊ?"

वकील खाली मान घालून बसले होते. त्यांना बोटं कळली होती. ते हळूच म्हणाले, "मामा, असू द्या. मला पैशाचं काही..."

"तुमी गप ऱ्हावा, वकीलसाहेब," मामा म्हणाले. "तुमी आज सौद्यात न्हाई."

मी उठून जाऊ शकलो असतो. पण बाहेर ती उभी होती, डाळिंबी, उन्हात चमकणारी. आणि खरं लिहायचं तर बाराशे हा तिचा भाव होता. मी मोटारींची चौकशी करूनच आलो होतो. मामांना मोटारीतलं ओ का ठो कळत नव्हतं, आणि तरी त्यांनी नेमका तोच आकडा कसा दाबला, ते मला आजवर उलगडलेलं नाही. दातओठ खात मी होकार दिला. चहा प्यालो नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर मी विसरलोही असतो. पण मोटार निघताना मामा आडवे आले. विकणाऱ्याला दावं द्यायचं राहिलं होतं. मोटारीचं दावं कोणतं? त्यांनी चारी बाजूंनी हिंडून पाहिलं आणि सीटमागं ठेवलेलं लोखंडी हँडल काढलं. बटणानं मोटार चालू झाली नाही, तर ते पुढून घालून फिरवायचं असतं. "ह्ये तोंडात घालून हिला जागी करत्यात. ह्येच दावं." ड्रायव्हर म्हणाला, "मामा, हँडल लागतंय." मामा म्हणाले, "दावं बी लागतंयच की! ज्यानं त्यानं आपलं आणावं." आणि हँडल वकिलांच्या हातात दिलं. वकिलांनी ते दोन्ही हातांनी धरलं. रागात मी तिकडं लक्ष दिलं नाही, बटण तर चालत होतं.

वकिलांच्या ड्रायव्हरनं मला लातूरपर्यंत आणून सोडलं. गंजाच्या ऐन मधोमध, माझ्या दुकानासमोर, अख्खा बाजार पाहत असताना, मी ती बंद केली, कारण आवाज थांबल्यावर लोक जवळ येतात. लोक जवळ आले. मग मी मोठ्या रुबाबात बटण दाबलं. मोटार हूं की चूं करेना. बॅटरी बसली होती आणि हँडल नांदेडला होतं. शेवटी माझ्याच दुकानात माल आणणाऱ्या गाडीवानाचे बैल जुंपून तिला ओढलं. ज्याच्याबरोबर मी पोती वाहिली तो हमाल ओरडला, "शेठ, वैरन घातली न्हाई का हिला?" ते हसणं अजून माझ्या कानात आहे.

मी मामांना निरोप धाडला, की वकिलांकडून हँडल घेऊन पाठवा. उत्तर आलं, "दावं परत मागत न्हाईत." लोहाराकडून दुसरं करून घेतलं. ते पहिल्याच दिवशी उलटं फिरलं आणि माझं मनगट सुजलं. सुजलेल्या हातानं मी नांदेडला कळवलं, की यापुढं तुमचा माझा संबंध संपला. बायको रडली. मी ऐकलं नाही. दिवाळीला मामांचा फराळ यायचा, तो मी परत पाठवत असे. मोटार मात्र पुढं कधी रुसली नाही. त्या मोटारीनं मला इतकं सुख दिलं, की तिच्यात बसून मामांवर रागावणं मलाच जड जायला लागलं. तरी मी रागावत राहिलो. राग सोडायचा म्हणजे भाव मान्य करायचा, आणि ते माझ्या तोंडून निघत नव्हतं.

थोरल्या मुलीच्या लग्नाला बायकोनं मला न विचारता मामांना बोलावलं. मामी तोवर गेल्या होत्या. मामा आले ते ओळखू येईनात. अंग सुकलेलं, नजर भिरभिरती. त्यांना कालचं आठवत नाही आणि लहानपणचं सगळं आठवतं, असं बरोबरच्या माणसानं सांगितलं. लग्न झाल्यावर त्यांना चाकूरला त्यांच्या मुलीकडं पोचवायचं होतं. सगळ्या गाड्या वऱ्हाडात गुंतलेल्या. बायको नुसती माझ्याकडं पाहत उभी राहिली. मी मोटार काढली. वर्षभरात मामा गेले, म्हणून तो प्रवास मला जसाच्या तसा आठवतो.

लातूर मागं पडलं. ज्वारी कणसात आली होती. मामांनी मोटारीच्या दारावर हात फिरवला आणि विचारलं, "कितीला घेतली?"

मी त्यांच्याकडं पाहिलं. थट्टा नव्हती. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

"बाराशे."

"बाराशे?" मामा चपापले. "लई दिलंव. दलाल कोन व्हता?"

हेच शब्द त्यांच्या तोंडून ऐकायला मी इतकी वर्षं तरसलो होतो. रात्र रात्र मनात त्यांच्याशी भांडून मी ते त्यांच्याकडून वदवून घेतले होते. आता ते सहज, फुकटात, माझ्या शेजारी बसून बोलले होते, आणि मला ते घेववेनात.

"होता एक नांदेडचा," मी म्हणालो.

"बेइमान असंल."

"नाही मामा. लई इमानी माणूस. भाव बरोबर होता."

त्यांनी मान हलवली, पटलं नव्हतं. "पर तुमी तर चिवट दिसताव. तुमच्याकून बाराशे काढले?"

"काढले. माझं काही चाललं नाही त्यांच्यापुढं."

मामांनी यावर विचार केला. मग वाऱ्यानं उडणारं उपरणं सावरत, एका जाणकारानं दुसऱ्याविषयी बोलावं तसं म्हणाले, "मंग चांगला मानूस असंल. जपा त्याला."

मी हो म्हणालो आणि मोटार आणखी हळू केली. मागून एक बैलगाडी आली, घंटा वाजवत आमच्या पुढं निघून गेली. चाकूर अजून बरंच लांब होतं, आणि तेवढंही मला पुरणार नव्हतं.