कडेला लागलेला बॉल

रविवारी सकाळी फोन वाजला की बायको म्हणते, "घ्या, आली तुमची अमेरिका." तिकडे शनिवारची संध्याकाळ असते. नात टेबल टेनिसच्या मॅचला उभी असते आणि मुलगा फोन धरून मला दाखवत असतो. सारा जन्म शाळेत पोरांना खेळ शिकवला, आता कारंजा गावच्या घरी निवांत पडून राहायचं ठरवलं होतं. पण सुटका कसली!

नातीचे कोच चिनी. म्हातारे, शाबास म्हणायचं तर जिवावर येणारे. बाकीच्या पोरांचे आईबाप अमेरिकन, ते हरलेल्या पोरांसाठीही टाळ्या वाजवतात. ही पोरगी दोघांच्या मधे, आणि सुट्टीत माझ्याकडून शिकून गेलेलं तिसरंच.

परवा शेवटच्या गेममध्ये तिचा बॉल टेबलाच्या कडेला लागून खाली गेला. नियमानं पॉइंट तिचा. पण ती पंचांना म्हणाली, परत खेळू; सुट्टीत माझ्याकडे तसंच शिकली होती. पंचांनी ऐकलं नाही, तेव्हा तिनं पुढची सर्व्हिस मुद्दाम नेटमध्ये मारली. अमेरिकन आईबाप उभे राहून टाळ्या पिटू लागले. कोचनं बॅग उचलली. ती हरली. फुकट पॉइंट वाटणाऱ्यांना मी शिकवत नाही, येऊ नको, असं कोच तिला म्हणाले.

"आबा, मी चुकले का?" रडत विचारलं तिनं.

मला आता असले निवाडे झेपत नाहीत. तरी म्हणालो, "माय, आपल्या शाळेतलं टेबल सिमेंटचं. कडा फुटलेल्या. बॉल कुठं लागला ते कोणालेच समजे नाही, म्हणून आमी फिरून खेळो. त्यात मोठेपणा काही नव्हता. तुले सांगाचंच राह्यलं. जा, कोचले सांग."

तिचा चेहरा पडला. मला फार वाईट वाटलं. आठवडाभर बायकोवर विनाकारण खेकसत होतो. पोरीनं खेळ सोडला तर इथून मी काय करणार होतो?

पुढच्या रविवारी फोनवर कोच स्वतः. पोरीनं त्यांना आमच्या टेबलाचं सांगितलं होतं. त्यांचं बोलणं नात मला मराठीत सांगत होती.

"आबा, सर विचारतात, तुमच्या टेबलाला नेट होतं की विटा लावायचे? त्यांच्या गावात विटा होत्या."

"विटाच," मी म्हणालो.

म्हातारा हसला. "उद्या ये म्हणतात," नात म्हणाली. मी फोन बायकोच्या हातात दिला.