मालनचा झोपाळू फोन

मालनला तहान लागली होती, पण ती पाणी पीत नव्हती. पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि जायची सोय समोरच्या कॉम्प्लेक्सच्या तळघरात, गाड्यांच्या रांगांपलीकडे. तिथे रेंज नाही. ती आत असताना काम आलं आणि निसटलं, तर आयडी बंद.

घाटकोपर पश्चिमेच्या त्या टॉवरच्या फाटकाबाहेर बाकड्यावर साडीवर जांभळे टी-शर्ट घातलेल्या बायका बसलेल्या दिसतात, त्यांतली ही एक. कुणाला भांडी घासून हवी असतात, कुणाला लादी पुसून. वरचे लोक फोनवर बटण दाबतात, खाली जवळच्या बाईचा फोन वाजतो, तिने लगेच ‘स्वीकार’ दाबायचं आणि दारात हजर व्हायचं. दाबलं नाही तर काम दुसरीला जातं आणि हिच्या नावापुढे ‘प्रतिसाद नाही’ असा शेरा. शेरे साठले की आयडी बंद. आयडी बंद म्हणजे नोकरी गेली, पण कंपनीत नोकरी म्हणत नाहीत. बायकांना ‘पार्टनर’ म्हणतात. पार्टनरच्या डोक्यावर साधं छप्पर घालायचं मात्र कुणाला सुचलेलं नाही.

मालन जवळच्याच टेकडीवरच्या भटवाडीची. सासरा गिरणीत होता, नवरा सुबोध कुरिअरमध्ये. वर्षभरापूर्वी जिन्यावरून घसरून त्याची पाठ गेली तेव्हापासून तो घरी, आणि घर मालनच्या आयडीवर. बाई कामाला वाघ आणि स्वच्छतेला त्याहून. तिच्या ओट्यावर तेलाचा थेंब सापडायचा नाही. फोनही तसाच. दुकानदाराने देतानाच सांगितलं होतं, ‘ताई, काम झालं की सगळं बंद करत जा, नाहीतर फोन हळू होईल.’ मालनने ते देववाक्य मानलं. काम संपलं की बोट वर फिरवायचं, एकेक ॲप उडवायचं, मग केरसुणीचं चित्र असतं ते बटण दाबायचं. ‘साफ झालं’ अशी अक्षरं उमटली की जीव गार. बाकड्यावरच्या सगळ्या बायकांना तिने हे शिकवलं. “घरात केर ठेवता का गो? मग फोनात कशाला?” बायका पदराने स्क्रीन पुसायच्या आणि बोटाने आतला केर काढायच्या. जेवायच्या सुट्टीत तर रांगेने सगळ्यांचं हेच.

आणि कामं चुकायला लागली. फोन हातात असायचा, वाजायचा नाही. संध्याकाळी ॲप उघडलं की आत शेरा तयार.

ऋतिकाचं मात्र एकही काम चुकत नव्हतं. बाकड्यावर सगळ्यांत नवी, सगळ्यांत आळशी. तिच्या फोनची काच फुटलेली, आत पन्नास ॲपं उघडी, पण फोन आयफोन. भावाने टाकून दिलेला.

“कंपनी आयफोनवाल्यांनाच कामं देते,” मालन एकदा तोंडावरच म्हणाली.

“काय यार ताई! माझी काच बघा, बोटं कापतात. मला कोण लाडाने काम देणार?”

“मग तुझाच कसा वाजतो? माझा चांगला नवा फोन.”

“तुमचा झोपतो बहुतेक. तुमच्यासारखा राबून दमत असेल.”

सगळ्या हसल्या. मालन हसली नाही.

मग कंपनीच्या श्वेता मॅडमचा फोन आला. ही भागावर देखरेख करणारी, वयाने मालनच्या लेकीएवढी. “मालनजी, आणखी एक मिस झाला ना, तर सिस्टीम आपोआप ब्लॉक करेल. माझ्या हातात काही नाही.”

“अहो, पण वाजतच नाही!”

“आमच्याकडे ‘पाठवलं’ असं दिसतंय.”

“पाठवलं असेल. पोचलं का ते बघा ना.”

“ते तुमच्या फोनचं झालं, मालनजी.”

तेव्हापासून मालन फोनला बांधली गेली. स्क्रीन काळी पडू द्यायची नाही, म्हणून दर थोड्या वेळाने अंगठा लावायचा. बायकांशी बोलताना नजर फोनवर, डबा खाताना फोन डब्याच्या झाकणावर. पाणी बंद. दोन्ही हात मोकळे असे राहिलेच नाहीत. खुंटाला बांधलेल्या म्हशीला निदान रवंथ करता येतं.

शेवटी सुबोधनेच शेजारच्या सम्यकला बोलावलं. सम्यक अंधेरीच्या एका कंपनीत ॲपं तपासायचं काम करतो. लोकांच्या हाती जायच्या आधी ॲप कुठे अडकतं ते हुडकायचं, हा त्याचा धंदा. तो चहा पीत मालनचा फोन उलटासुलटा करत बसला.

“वहिनी, हे ॲप तुम्ही बंद करता?”

“मग? केर काढायला नको?”

सम्यकने कप खाली ठेवला. “हाच घोळ आहे. असं बघा, आयफोन म्हणजे एकच सोसायटी. बिल्डर तोच, वॉचमनही त्यानेच ठेवलेला. बाहेरून निरोप आला की फाटकावरचा वॉचमन घेतो आणि तुमच्या दारावर थाप मारतो. तुम्ही ॲप उडवलेलं असो नाहीतर नसो, थाप पडते.”

“आणि आमचा?”

“तुमचं अँड्रॉइड. मूळ नकाशा एकाचा, पण त्यावरून सोसायट्या बांधल्या पन्नास बिल्डरांनी, आणि प्रत्येकाने आपापला वॉचमन ठेवला. तुमचा वॉचमन जरा कंजूष. बॅटरी वाचवायची म्हणून ॲप वापरात दिसलं नाही की त्याला झोपवतो. आणि तुम्ही बोटाने उडवलंत की हा समजतो, बाईंनी घर सोडलं, आता निरोप कुणाचा घ्यायचा? त्यात फोनची मेमरी तोकडी. एकाला बसवायचं तर दुसऱ्याला उठवावं लागतं.”

“म्हणजे चूक माझी.”

“तुमची कशी? ॲप लिहिणाऱ्यांनी हे धरून लिहायला हवं होतं. पण आमच्याकडेच बघा ना, आयफोनची मॉडेलं मोजकी, सगळ्यांवर तपासून होतात. अँड्रॉइडची हजारो. मग तीन-चार महागडे फोन आणायचे, एसीत बसून चालवायचे. साहेबांच्या स्वतःच्या खिशात आयफोन. त्यावर नीट चाललं की टाळ्या. तुमच्यासारखा फोन आमच्या ऑफिसात एकही नाही.”

“मग आणा की एक!”

“मी म्हटलं होतं. म्हणाले, तक्रारी येऊ देत, मग बघू.”

“तक्रार कोण करणार? तोंड उघडणारीलाच पहिली घालवतात,” मालन म्हणाली आणि उठून कप विसळायला गेली.

सम्यकने सेटिंगांत शिरून त्या ॲपला झोपवायला मनाई केली, मागे चालू राहायची परवानगी दिली, केरसुणीचं बटण आत कुठेतरी दडवून टाकलं. “आता याला हात लावू नका. असू दे कचरा.”

दुसऱ्या दिवशी मालनने बाकड्यावर सांगून टाकलं, “मी शिकवलं ते विसरा. कुणी काही पुसायचं नाही.”

“अगं बाई,” ऋतिका म्हणाली, “म्हणजे आळशी बायकांचा विजय!”

“तुझा नाही, तुझ्या वॉचमनचा.” आणि तिने एकेकीचा फोन घेऊन सम्यकने दाखवलं तसं करून दिलं. श्वेता मॅडमना फोन करून आधीचे शेरे काढायला सांगितले. त्या म्हणाल्या, “सिस्टीममध्ये मागे जाता येत नाही.” शेरे राहिले. पण त्या दिवसापासून फोन वाजायला लागला. मालन घटाघटा बाटलीभर पाणी प्यायली.

रविवारी तिची सुट्टी. बोरिवलीहून लेक मानसी नवऱ्याला घेऊन जेवायला यायची होती. मालनने सुरमईला मसाला लावून ठेवला, सोलकढी केली. मंडळी आली, गप्पा रंगल्या, पहिले तुकडे तव्यात पडले आणि फोन वाजला.

सगळ्यांच्या आधी मालनला कळलं. आजवर सुट्टी म्हणजे बोट फिरवून ॲप उडवणं, एवढंच तिला ठाऊक होतं. उडवलं की फोन मुका, मुका म्हणजे सुट्टी. ॲपच्या आत ‘आज सुट्टी’ असं वेगळं बटण असतं आणि ते आदल्या दिवशी दाबायचं असतं, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. गरजच पडली नव्हती. आता ॲप टक्क जागं होतं, मालन कुठे उभी आहे तेही त्याला माहीत होतं, आणि भटवाडीच्या पायथ्याशी नव्या टॉवरमध्ये कुणालातरी भांडी घासून हवी होती.

“आई, आज सुट्टी ना तुझी?”

नाही दाबलं तर तो शेवटचा शेरा. विचार पुरा व्हायच्या आत अंगठा ‘स्वीकार’वर पडला होता.

“अहो, मासा उलटवा. मंद ठेवा, जळेल. मी आलेच.”

“अगं, जावई आलेत!” सुबोध तिच्या मागे दारापर्यंत आला, पाठ धरून.

“त्यांना सांगा, सासू पार्टनर आहे.”

टॉवरमधल्या घरात बारसं होतं. सिंक भरून ताटं, खिरीची पातेली, वाट्यांचे मनोरे. मालनने पदर खोचला आणि सुरुवात केली. घरमालकीण मधून मधून डोकावत होती. “किती लवकर आलात! मागच्या वेळी बटण दाबून दाबून थकले, कुणी आलंच नाही.”

मालनने पुढचं पातेलं घासायला ओढलं. ते मागच्या वेळचं काम बहुधा तिच्याच नावापुढे शेरा होऊन पडलं होतं.

ताटं निथळत लावून, ओटा पुसून ती लिफ्टमध्ये शिरली. ओल्या हाताने फोन काढला. ‘आज सुट्टी’चं बटण शोधायला तिने ॲप उघडलं. सापडलं, अगदी तळाशी. त्यावर दाबणार तोच लिफ्ट खाली पोचली, दार उघडलं आणि स्क्रीन भरून दुसरं काम आलं. तोच टॉवर, सहा मजले वर. वेळ सरत चालल्याची लाल रेघ आखडत आली.

मालनने ‘स्वीकार’ दाबलं. ती लिफ्टबाहेर पडलीच नाही. वरचा मजला दाबून तिने मानसीला फोन लावला.

“तुम्ही जेवून घ्या गो. जावयांना तुकडी मोठी वाढ. माझ्यासाठी थांबू नका.”

“आई, पण तू कधी—”

लिफ्टचं दार मिटलं आणि रेंज गेली.