बाजारासाठी सजवलेलं पोट

ताईचा फोन आला तेव्हा मी शाळेत शिकवून नुकताच घरी पोचलो होतो. "भाऊ, हे गेले रं..." एवढंच बोलली. मला रडू आलं नाही, राग आला. महिना उलटला तरी तो तसाच आहे. केडगावला दशक्रियेच्या वेळी एकेक जण माइक हातात घेऊन सांगत होता, असा दिलदार माणूस पुन्हा होणे नाही. मी मागे बसून दातओठ खात होतो. दिलदार होते, खरं आहे. पण माझ्या बहिणीला त्यांनी फसवलं, ते कुणी बोललं नाही.

दाजी घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दलाली करायचे. खांद्यावरच्या रुमालाखाली समोरच्याची बोटं दाबून म्हशीचा सौदा ठरवायचे. म्हैस धष्टपुष्ट दिसावी म्हणून कुणी मीठ चारून, पाणी पाजून तिचं पोट भरून आणलं की लांबूनच ओळखायचे आणि चारचौघांत मालकाची अब्रू काढायचे. हाच माणूस स्वतःच्या पोटाच्या बाबतीत मात्र... काय बोलावं! त्यांना आतड्याला सूज येण्याचा आजार होता, क्रोन्स म्हणतात तो. कधी दबणारा, कधी उसळणारा, पण कायमचा. एकदा दुर्बिणीची नळी घालून तपासणी झाली होती. त्यानंतर नळीचं नाव काढलं की अंगावर धावून यायचे. ताई तपासणीसाठी हातापाया पडायची आणि हे तोंड फिरवून गोठ्याकडे चालू लागायचे.

नगरला नव्याने आलेल्या एका डॉक्टरबाईंनी तो बहाणाच संपवला. म्हणाल्या, "नळी नको, भूल नको. पोटावरून सोनोग्राफी करून आतड्याची सूज बघू." ताईने मला सोबत धाडलं. बाईंनी आधी हाताने पोट दाबलं, कुठेच दुखलं नाही. दाजींनी माझ्याकडे बघून मिशीवरून हात फिरवला. मग जेल लावून बाई यंत्र फिरवू लागल्या आणि उजवीकडे, खाली, थांबल्या. पडद्यावर आतड्याची भिंत चांगलीच जाड दिसत होती, तिच्यात लाल-निळे ठिपके लुकलुकत होते. "एवढं रक्त खेळतंय म्हणजे सूज जोरात आहे. आणि तुम्हाला काहीच त्रास नाही? जुन्या स्टेरॉइडच्या गोळ्या मनानेच घेताय का?"

"न्हाई बा. मशीनच हाय, चुकत आसंल."

बाईंनी इंजेक्शनं लगेच सुरू करायला सांगितली. गाडीत बसल्यावर हे हसायला लागले. "मास्तर, बाजारात न्यायच्या आदी जनावर सजवावं लागतं. आठ दिस गोळ्या खाल्ल्या, बघा पोट कसं गप हाय!"

"दाजी, ह्या म्हशीचं गिऱ्हाईक तुम्हीच आहात."

 घरी पोचताच मी ताईला सगळं सांगितलं. तर दाजी, गोळ्या तपासणीपुरत्याच होत्या म्हणाले आणि तिच्यासमोर मांडी घालून वाडगाभर झणझणीत कुळथाची शेंगोळी खाल्ली. "आजारी मानूस आसं खातो व्हय?" तेच खरं असावं असं ताईला वाटत होतं, म्हणून तिने ते खरं मानलं. पुढे मी भांडायला गेलो की "आले मास्तर, मशीन घिऊन" म्हणून थट्टा. एकही इंजेक्शन घेतलं नाही. शेवटी आतडं फुटलं आणि पोटभर पू पसरला. ऑपरेशन झालं, उपयोग झाला नाही.

परवा ताईकडे गेलो. दाजींचा रुमाल खुंटीलाच होता. धुवावा म्हणून तिने तो काढला तर कोपऱ्याला गाठ लागली. सोडली, आत कागदात गुंडाळलेल्या पांढऱ्या गोळ्या... त्याच, स्टेरॉइडच्या. ताईने त्या तळहातावर घेतल्या.

"म्हंजी माज्यापुढं जेवायचे ते... ह्या खाऊन?"

मी मान डोलावली. तिने गोळ्या परत ठेवल्या, दात लावून गाठ घट्ट आवळली आणि रुमाल न धुताच खुंटीला अडकवला. मग त्याच्यासमोर उभी राहून, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, तिने दाजींना शिव्या दिल्या. अगदी तोंडभरून. मी तिला थांबवलं नाही.