चार सेमिस्टरचा तक्ता

पब्लिक हेल्थची पदवी घेऊन आम्हाला आता दीड वर्ष झालं. शिकलेल्यातलं निम्मं कुठं गेलं ते सांगता येणार नाही, पण किस्से मात्र एकही हरवलेला नाही. उलट वाढतच चाललेत. मी अकोल्याहून नाहीतर प्रफुल्लनं तेल्हाऱ्याहून फोन लावला की दोन मिनिटं कामाचं बोलणं होतं. मग कोणीतरी म्हणतं, "ताईंचं ते आठवतं का?" आणि पुढचा अर्धा तास गेला.

आम्ही तिघं. माझा अकोल्यात दातांचा दवाखाना. बारा वर्षं एकेक दात काढला आणि एक दिवस लक्षात आलं, की सकाळी ज्याचा दात काढला तो माणूस दुपारी चौकात तंबाखूचा खर्रा चघळत उभा आहे. त्याच आठवड्यात मी अर्ज भरला. प्रफुल्ल तिशीचा, त्याचं तेल्हाऱ्यात मेडिकल स्टोअर. आणि सुनंदाताई भातकुलीकडच्या एका उपकेंद्रात नर्स, वय बावन्न. नोकरी सांभाळून त्यांनी नर्सिंगची पदवी घेतली होती, तेवढ्यावर थांबायची तयारी नव्हती. कोर्स अमरावतीला, शनिवार-रविवारी. वर्गात बाकी सगळी पंचविशीतली मंडळी, म्हणून आम्ही तिघं आपोआप एका बाकावर आलो.

* * *

पहिल्याच शनिवारी केळकर मॅडमनी प्रत्येकाला एकेक कोरा तक्ता दिला. मॅडम पुण्याच्या, कोर्सची सगळी जबाबदारी त्यांच्याकडं. चार सेमिस्टरचे चार रकाने होते. कोणता विषय कधी घ्यायचा, ऐच्छिक कोणते, फील्डवर्क कुठं, प्रबंध कशावर, हे ज्याचं त्यानं आखायचं होतं.

"जेवणाचं ताट समजा," मॅडम म्हणाल्या. "वरण, भात, भाजी, पोळी घ्यावीच लागेल. चटणी-कोशिंबीर तुमच्या आवडीची."

प्रफुल्लनं चार रंगांची पेनं काढली. मी ट्रेनचं टाइमटेबल काढलं. ताईंनी पाच मिनिटांत तक्ता भरून मॅडमच्या हातात दिला. माता-बाल आरोग्य पहिल्या सेमिस्टरला, लसीकरण पहिल्या सेमिस्टरला, पोषण पहिल्या सेमिस्टरला. आकडेवारीचं बायोस्टॅटिस्टिक्स चौथ्या सेमिस्टरच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात.

"ताई, हे पहिल्यांदा घ्यावं लागतं," मॅडम म्हणाल्या. "त्याशिवाय पुढचं कळत नाही. तुम्ही शेवटी का टाकलंत?"

"कारलं शेवटीच वाढाव लागते मॅडम. तवरक पोट भरते, मंग कोनी घेत नाही."

* * *

कारलं पहिल्या सेमिस्टरला ताटात आलंच. शिकवणारे सर तरुण, हुशार आणि भलत्याच वेगानं बोलणारे. तिसऱ्या शनिवारपर्यंत ताईंच्या वहीत तारखेशिवाय काही नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढं धरला.

"डॉक्टर, याचं इंग्रजी पाहा बरं. बरोबर हाय का?"

कोर्स सोडत असल्याचा अर्ज होता.

"घरी कोणी काही म्हणालं का?" मी विचारलं.

"घरचे काहून म्हनतीन? माह्या पोरीनंच तं फॉर्म भरला होता." मग डब्याचं झाकण लावत त्या म्हणाल्या, "वर्गात सारे मान हलवतात. मलेच एकटीले समजत नाही. शनवारी इथं ढ होऊन बसाचं अन सोमवारी जाऊन बायाले शिकवाचं. नाही जमत मले."

"मलाही समजत नाही," मी म्हटलं. "मीसुद्धा नुसती मान हलवते."

"तुमी डॉक्टर हाय. तुमचं चालते."

त्यांचे डोळे भरून आले होते. सव्वीस वर्षं त्या बाईनं गावोगाव पायी फिरून नोकरी केली होती, आणि आता एका फळ्यापुढं हरत होती. प्रफुल्लनं माझ्या हातून अर्ज घेतला, वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. "इंग्रजी चुकलं हाय ताई. दुरुस्त करून देतो, तास झाल्यावर."

इंग्रजी अगदी बरोबर होतं.

दुपारच्या तासाला सरांनी फळ्यावर एक उदाहरण लिहिलं. एका गावात एक वर्षाच्या आतली मुलं शंभर, आणि लस टोचलेली मुलं एकशे बारा. "टक्केवारी शंभराच्या वर कशी गेली?" कोणी म्हणालं, नोंद चुकली. कोणी म्हणालं, कोणीतरी खोटे आकडे भरले. सर मान हलवत होते, "शक्य आहे, शक्य आहे."

ताईंनी हात वर केला नाही. बसल्या जागेवरून, जरा रागानंच बोलल्या. "खोटं कायचं सर? गावच्या लेकी बाळंतपनाले माहेरी येतात. लेकरू तथीच होते, तथीच मी टोचते. तुमी पोरगं मोजता सासरी अन टोचता माहेरी. आकडा वाढन नाही तं काय होईन?"

सरांनी खडू खाली ठेवला. "मी दोन शनिवार जे समजावतोय," ते म्हणाले, "ते हेच आहे. वरचा आकडा आणि खालचा आकडा एकाच माणसांचा असला पाहिजे."

ताई प्रफुल्लकडं वळल्या. "हे म्हंजे स्टॅटिस्टिक्स?"

"हो."

"हे तं मी सव्वीस वर्सापासून करून राहिली."

त्या सेमिस्टरला ताई पास झाल्या. पहिल्या नाही आल्या, पण चांगल्या पास झाल्या. अर्ज अजून प्रफुल्लकडंच आहे. दुरुस्त करून झालेला नाही म्हणतो.

* * *

माझं तक्त्याचं शहाणपण दुसऱ्या सेमिस्टरला उघडं पडलं. अकोल्याहून गाडी पकडायची, बडनेऱ्याला उतरायचं, तिथून ऑटो. सकाळी आठचा तास मला कसा जमणार? म्हणून ऐच्छिक विषय मी निव्वळ वेळ पाहून निवडला. पर्यावरण आणि आरोग्य, अकरा ते एक. बाकीचे आठला येऊन जांभया देणार आणि मी आरामात अकराला. दोन शनिवार मी हे सगळ्यांना ऐकवलं.

पहिल्या तासाच्या आदल्या दिवशी त्या विषयाच्या सरांचा मेसेज आला. तास वर्गात नाही, शहराबाहेरच्या कचरा डेपोवर. टोपी आणि पाण्याची बाटली आणावी. एप्रिल महिना, वऱ्हाडातलं ऊन. मी नाकाला दुपट्टा बांधून उभी, आणि समोर सर ढिगाऱ्यावर चढून बोलतायत.

"सर, हा तास सकाळी नाही का घेता येणार?" मी विचारलं.

"नाही ना," सर मनापासून म्हणाले. "शहरातला सगळा कचरा इथं यायला अकरा वाजतात."

* * *

तिसऱ्या सेमिस्टरच्या सुरुवातीला प्रफुल्लचं लग्न ठरायला आलं. मुलगी पल्लवी, चांदूर रेल्वेची. त्याला बहीण नाही, म्हणून आईवडिलांबरोबर त्यानं आम्हा दोघींना नेलं. मुलीचे वडील भाजीपाला पिकवणारे आणि स्वतः बाजारात बसून विकणारे. माल पारखून घ्यायची सवय.

"दुकान हाय तं मंग आता काय शिकून राहिले?" त्यांनी विचारलं.

"पब्लिक हेल्थ," प्रफुल्ल म्हणाला. "डॉक्टर आजारी माणसाले पाहतो. आमी माणूस आजारी पडूच नये म्हणून काम करतो."

काकांनी थोडा विचार केला. "म्हंजे तुमी काम बरोबर केलं तं मानसाले काहीच होनार नाही."

"हो."

"मंग त्याले समजन कसं, का तुमी काही केलं म्हनून?"

प्रफुल्ल रोगप्रतिबंधाच्या विषयात वर्गात पहिला आला होता. "नाही समजत काका," तो म्हणाला.

आतल्या खोलीत कोणीतरी हसलं. पुढं कळलं, ती पल्लवीच होती. "खरं बोलते पोरगं," काका म्हणाले, आणि पोह्यांच्या बश्या आल्या.

तारखेची गोष्ट निघाली तेव्हा प्रफुल्लनं खिशातून तो चार रंगांचा तक्ता काढला. इथं परीक्षा, इथं फील्डवर्क, इथं प्रबंध. परीक्षा आणि फील्डवर्कच्या मधे तीन आठवडे मोकळे, तिथं लग्न बसतं. काकांनी चष्मा लावून तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. प्रत्येक विषयापुढं क्रेडिटचा आकडा होता, लग्नापुढं नव्हता.

"लग्नाले काही लिवलं नाही तुमी," ते म्हणाले. "बिनमार्काचा विषय हाय काय?"

* * *

फील्डवर्कसाठी मी प्रफुल्लच्या ओळखीनं तेल्हाऱ्याजवळचं गाव घेतलं. माझी प्रश्नावली होती बायकांच्या व्यायामावर. दोन महिने खपून केलेली, मॅडमनी वाखाणलेली. बायका कापूस वेचायला गेलेल्या, म्हणून मीही वावरात गेले. कमरेला ओटी बांधून एक साठीच्या मावशी वेचत होत्या. मी त्यांच्यामागून चालत विचारलं, "मावशी, तुम्ही आठवड्यातून किती दिवस व्यायाम करता?"

"व्यायाम म्हंजे?"

"म्हणजे चालणं, वाकणं, वजन उचलणं, घाम येईपर्यंत."

मावशींनी वेचता वेचता माझ्याकडं पाहिलं. मी ओशाळून प्रश्नावर काट मारली. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "तुमी करता काय?"

"मला वेळ मिळत नाही."

"मंग उद्या या इकडं," त्या म्हणाल्या. "वेचनी सुरूच हाय."

प्रश्नावली मी नव्यानं लिहिली. मॅडम म्हणाल्या आधीपेक्षा चांगली झाली. का झाली, ते मी सांगितलं नाही.

* * *

शेवटी प्रबंधाची तोंडी परीक्षा. बाहेरगावचे परीक्षक आले होते, मोठं नाव असलेले, कमी बोलणारे. प्रत्येकानं पुढं जाऊन आपलं काम मांडायचं, बाकीच्यांनी मागं बसून ऐकायचं. ताईंचा विषय होता, गरोदर बाया रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या मधेच का सोडतात. स्वतःच्याच उपकेंद्राच्या गावांत त्यांनी घरोघरी जाऊन विचारलं होतं.

त्यांनी सगळं नीट मांडलं. परीक्षकांनी दोनतीन प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं आली. मग त्यांनी नेहमीचा शेवटचा प्रश्न टाकला. "तुमच्या या अभ्यासातली सगळ्यात मोठी उणीव कोणती?"

आम्ही सगळ्यांनी याचं उत्तर पाठ केलं होतं. नमुना लहान, वेळ कमी, एकाच तालुक्यापुरता अभ्यास. प्रफुल्लनं माझ्याकडं पाहून मान डोलावली, हे तर येतंच.

"मी," ताई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"गोळ्या मीच वाटते सर. अन गोळ्या खाता का म्हनून विचाराले मीच जाते. मले पाहून कोनती बाई नाही म्हनन?"

केळकर मॅडम खुर्चीत पुढं सरकल्या. ताईंनी स्वतःच्याच दोन वर्षांच्या कामावर सगळ्यांदेखत बोट ठेवलं होतं.

परीक्षकांनी मार्कांचा कागद बाजूला सारला. मग उठून आपली खुर्ची टेबलाला वळसा घालून ताईंच्या शेजारी आणली आणि बॅगेतून वही काढली.

"बसा," ते म्हणाले. "मग त्या बायांकडून खरं कसं काढायचं, ते मला सांगा."

ताई बसल्या. भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं.

"तुमच्यापाशी वेळ किती हाय सर?"